ज्यांचं श्राद्ध होत नाही त्यांचंही पान: ठाण्याच्या फ्लॅटमध्ये ओफ्रेंदा कशी मांडावी

ऑक्टोबर अर्धा सरला की मी फोन घेऊन बसते. चुलतबहीण डोंबिवलीला, मावशी पेणला, शाळेतली मैत्रीण इथेच चरईत. सगळ्यांना एकच विचारायचं असतं, "त्यांना काय आवडायचं गं?" ओफ्रेंदा मांडायची तर निम्मं काम हे आहे. फुलं, दिवे, कागद हे सगळं त्यानंतरचं.

ज्यांनी हे नाव ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मेक्सिकोत दरवर्षी १ आणि २ नोव्हेंबरला ‘दिया दे मुएर्तोस’ असतो. घरोघरी गेलेल्या माणसांसाठी एक मांडणी करतात, ती ओफ्रेंदा. फोटो, पाणी, मीठ, झेंडू, धूप, मेणबत्त्या आणि त्या त्या माणसाचं आवडतं खाणं. वर्षातून एकदा ही माणसं घरी येतात अशी समजूत. लांबून येतात, दमलेली आणि तहानलेली असतात, म्हणून वाट दाखवायची, पाणी द्यायचं, जेवू घालायचं. १ तारीख लहान मुलांची, २ तारीख मोठ्यांची. स्पॅनिश लोक तिथे पोहोचण्याच्या आधीपासून तिथल्या लोकांत मृतांना नैवेद्य द्यायची रीत होती. कॅथलिक पंथातले या दोन तारखांचे सण तिच्यात मिसळले आणि आजचा सण झाला. युनेस्कोनं २००८ मध्ये त्याला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. मेक्सिको सिटीतली प्रचंड मिरवणूक टीव्हीवर दाखवतात ती मात्र २०१६ पासूनची, एका इंग्रजी चित्रपटातलं दृश्य गाजल्यावर सुरू झालेली. ती बाजूला ठेवा. आपल्याला घरातलं बघायचं आहे.

मी नौपाड्यात राहते, साठी कधीच ओलांडली. माझी लेक काही वर्षं नोकरीसाठी मेक्सिकोतल्या पुएब्ला शहरात होती आणि एका वर्षी दसरा-दिवाळीच्या दिवसांत मी तिच्याकडे होते. तिची घरमालकीण ऐंशीच्या पुढची. तिनं मला तिच्या घरातली ओफ्रेंदा मांडू लागायला बोलावलं. तिथे जे हातानं केलं आणि डोळ्यांनी पाहिलं, ते मी आता ठाण्यात करते. या वयात कशाला नवीन, असं मला विचारतात. मी म्हणते, हे याच वयात करायचं. आपल्या ओळखीतली जितकी माणसं हयात आहेत तितकीच आता गेलेली आहेत, आणि ती काय खायची, कशी हसायची, हे सांगू शकणारे आपण शेवटचे उरलो आहोत.

कुणाकुणाला बोलवायचं

माझा मुलगा त्याच्या वडिलांचं श्राद्ध दरवर्षी तिथीला करतो, मनापासून करतो. पानात वडे, खीर, आळूचं फदफदं, लाल भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी असं सगळं यथासांग असतं. यजमानांनी जन्मात खीर खाल्ली नाही. त्यांना मामलेदारची मिसळ हवी असायची, तिखट, आणि तीसुद्धा पाव न घेता आधी नुसता रस्सा. श्राद्धाचं पान सगळ्यांना सारखं असतं, त्यातच त्याचं मोठेपण आहे. बाप, आजोबा, पणजोबा सगळे एका पंक्तीला बसतात. ओफ्रेंदातलं पान एकेकाचं वेगळं. दोन्ही करावीत. मी ओफ्रेंदा मांडते म्हणून घरातलं श्राद्ध सुटलं नाही, आणि कुणी सोडूही नये.

पण श्राद्धात ज्यांना जागाच नाही अशी माणसं आपल्या प्रत्येकाच्या आयुष्यात असतात, आणि बायकांच्या आयुष्यात तर जास्तच. शाळेतल्या मैत्रिणीचं पान मी कुठे वाढणार? तिचे घरचे तिचं करतात. लहानपणी आमच्या वाड्यात राहणारे, मला सायकल शिकवणारे बिऱ्हाडकरू काका, त्यांच्यामागे कुणीच नव्हतं. ओफ्रेंदात नात्याची अट नाही. तिथे अलीकडे पाळीव प्राण्यांसाठीही २७ ऑक्टोबरला पाणी आणि खाऊ ठेवतात. तुमचं कुत्रं गेलं असेल तर खुशाल ठेवा.

कागद घ्या आणि नावं लिहा. पहिल्या वर्षी तीन-चारच घ्या. यादी लांबवली की प्रत्येकाच्या वाट्याला नुसता फोटो येतो. प्रत्येक नावापुढे लिहायचं: काय खायचे, काय प्यायचे, हातात सतत काय असायचं. जे आठवत नाही ते फोनवर विचारायचं. नुसतं पदार्थाचं नाव घेऊन फोन ठेवू नका, कसं खायचे तेही विचारा.

माझी आत्या बालविधवा होती. ती गेली तेव्हा मी कॉलेजात होते. तिच्यासाठी काय ठेवायचं ते कुणालाच सांगता येईना, कारण तिला काय आवडतं हे कुणी विचारलंच नव्हतं. सगळ्यांचं झाल्यावर उरेल ते ती जेवायची. डोंबिवलीची चुलतबहीण फोनवर बराच वेळ गप्प होती आणि एकदम म्हणाली, "अगं, गोळा! तलावपाळीला आपल्याला फिरायला न्यायची ना, आपल्याला गोळे घेऊन द्यायची आणि स्वतः तलावाकडे तोंड करून पदराआड कालाखट्टा खायची. घरी यायच्या आधी पदरानं जीभ पुसायची." मला ते अजिबात आठवत नव्हतं, आणि तिनं सांगताच आठवलं. तेव्हापासून आत्याच्या फोटोपुढे काचेच्या पेल्यात बर्फाचा चुरा आणि त्यावर कालाखट्ट्याचं सरबत असतं. बर्फ वितळतो, वितळू द्यावा.

घरच्यांचं मन वळवणं

माझ्या धाकट्या दिरांनी पहिल्याच वर्षी विचारलं होतं, "वहिनी, सणासुदीच्या दिवसांत गेलेल्यांचे फोटो कसले मांडताय?" त्यांचा प्रश्न रास्त होता. मी त्यांना म्हटलं, भावजी, धनत्रयोदशीला आपण दक्षिणेकडे तोंड करून यमदीपदान करतो, नरकचतुर्दशीला यमतर्पण सांगितलेलं आहे, भाऊबीज तर यमाचीच. दिवाळीला मृत्यूचं वावडं कधीच नव्हतं. त्यांना ते पटलं. आता ते स्वतःच्या आईसाठी, म्हणजे माझ्या सासूबाईंसाठी, आठवणीनं तपकीर आणून देतात.

तारखेवरून मात्र घरात ताण होऊ देऊ नका. २०२४ मध्ये लक्ष्मीपूजन नेमकं १ नोव्हेंबरला आलं होतं. त्या वर्षी बाहेरची खोली लक्ष्मीची ठेवली आणि ओफ्रेंदा आतल्या खोलीत मांडली. तारीख मी सोडत नाही, कारण त्या दोन दिवशी एक अख्खा देश आपापल्या माणसांची वाट बघत असतो आणि त्यांच्याबरोबर बसायचं मला बरं वाटतं. जागा खुशाल बदलावी.

आपल्याकडेही या तारखा अगदी परक्या नाहीत. ठाण्यातली ख्रिस्ती कुटुंबं २ नोव्हेंबरला आपल्या माणसांच्या कबरी साफ करून फुलं घालतात, मेणबत्त्या लावतात. आमच्या समोरच्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच जुन्या ख्रिस्ती समाजातल्या, बाई तिकडून परत आल्या की आमच्याकडे येऊन बसतात.

मांडणी

देवघरात मांडू नका, देवघराला लागूनही नको. तिथे मांडणीच्या वरच्या पायरीवर ग्वादालूपेची मारिया, म्हणजे तिथली मेरीमाता, किंवा घरातले संत असतात. मी देव त्यात आणत नाही, देवांना त्यांची जागा आहे.

पायऱ्या दोन केल्या तर आकाश आणि पृथ्वी, तीन किंवा सातही करतात. पुएब्लाजवळच्या वाकेचुला गावात त्या वर्षी गेलेल्या माणसासाठी पांढऱ्या साटीनच्या, छताला भिडणाऱ्या मांडण्या करतात आणि लोक घरोघरी त्या बघायला जातात. आपल्याला तीन पायऱ्या पुरतात. गौरी-गणपतीला आणलेलं फोल्डिंगचं स्टँड माळ्यावर असेलच, ते काढा. नसेल तर टेबल, त्यावर चौरंग, त्यावर पाट. गुडघे दुखत असतील तर सगळ्यात खालची पायरीसुद्धा टेबलावरच घ्या, जमिनीवर काही नको. दोन दिवस सारखं वाकावं लागतं. वरून जुनं सुती लुगडं किंवा साडी अंथरा. मी आईचं अंजिरी लुगडं अंथरते. ते विरलं आहे, म्हणून खाली एक चादर असते.

वर फोटो. फोटोला चंदनाचा हार घालू नका. तो हार घातला की माणूस भिंतीवरचा होतो आणि इथे तो जेवायला आलेला आहे. हसरा, घरच्या कपड्यातला फोटो निवडा. फोटो नसेल तर वस्तू चालते: चष्मा, अडकित्ता, पासची केस, स्वेटरच्या सुया. मधल्या पायरीवर खाणं. खालच्या पायरीवर पाणी, मीठ, दिवे, धूप.

पाण्याचा पेला आधी भरायचा, बाकी सगळं त्यानंतर. काचेचा पेला घ्या म्हणजे पाणी दिसतं. घरमालकीणबाई पेला काठोकाठ भरायच्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी किती उतरलं ते मला बोलावून दाखवायच्या. ऑक्टोबर हीटमध्ये ठाण्यात ते उतरतंच. बाजूला वाटीत मीठ, शुद्धीसाठी. एक तसराळं पाणी, साबणाची वडी आणि धुतलेला टॉवेलही ठेवतात, लांबून आलेल्यानं हातपाय धुवावेत म्हणून. ही एक गोष्ट मला कुणी समजावून सांगावी लागली नाही.

मेणबत्ती माणशी एक, आणि एक जास्तीची, ज्याची आठवण काढणारं कुणी उरलं नाही अशा जिवासाठी. आपल्या सर्वपित्री अमावास्येत ज्यांची तिथी माहीत नाही त्यांना जसं सामावून घेतात, तसंच. बिऱ्हाडकरू काका आधी त्या जास्तीच्या मेणबत्तीत होते, आता त्यांची स्वतःची आहे. सगळ्या मेणबत्त्या स्टीलच्या परातीत वाळू पसरून तीत रोवा. पडदा बांधून घ्या, पंखा बंद ठेवा आणि झोपायच्या आधी सगळ्या विझवा. रात्रभर दिवा हवाच असेल तर सेलवरचा मिळतो. फ्लॅटमध्ये दुसऱ्यांच्या जिवाचीही जबाबदारी असते.

झेंडू

झेंडू मूळचा मेक्सिकोचाच. युरोपीय लोकांबरोबर तो जगभर गेला, आपल्याकडे आला आणि आपण त्याला दसऱ्याच्या तोरणात बसवलं. तिथे त्याला ‘सेम्पासुचिल’ म्हणतात. पुएब्ला राज्यात त्याची मोठी शेती आहे. अत्लिस्कोच्या वाटेवर मी दोन्ही बाजूंनी भगवी शेतं पाहिली आणि मला सासवडची आठवण झाली.

रंगानं आणि वासानं वाट दाखवणं हे त्या फुलाचं काम. म्हणून गडद केशरी घ्या, पिवळा नको, आणि फूल चुरडून वास बघून घ्या. टपोऱ्या संकरित फुलांना कधीकधी वासच नसतो. जांभळी नाक्यावर पहाटे जावं. दसरा-दिवाळीची गर्दी ओसरलेली असेल तर फुलवाले बोलतातही नीट. कोंबड्याची फुलं विचारा, ती मखमली, डाळिंबी तुऱ्याची. पुएब्लात झेंडूबरोबर ती हवीतच. इथे दसऱ्याच्या सुमारास येतात, दोन दिवस आधी सांगून ठेवलं तर फुलवाली आणून देते.

निम्म्या फुलांच्या पाकळ्या सोडवायच्या आणि दारापासून मांडणीपर्यंत वाट घालायची. तिथे ती अंगणातून, कधी रस्त्यापासून येते. आपली उंबरठ्याच्या आतून सुरू करा, लिफ्टसमोरची जागा सगळ्यांची आहे. आणि एक महत्त्वाचं: टाइल्सवर पाकळ्या चुरडल्या की फरशी निसरडी होते. आपल्या वयाला पडणं परवडत नाही. म्हणून वाट खोलीच्या मधून न नेता भिंतीच्या कडेनं, वितीएवढ्या रुंदीची घाला. नातवंडांना किंवा शेजारच्या मुलांना बोलवा, त्यांना हे काम फार आवडतं आणि खाली बसणं त्यांना सोपं जातं.

तुळशीच्या लग्नाचे ऊस याच सुमारास बाजारात येतात. दोन ऊस स्टँडच्या दोन्ही बाजूंना बांधून वर जुळवले की कमान होते. तिथेही उसाची कमान करतात, ती आलेल्यांची वेस.

कागद आणि धूप

झिरझिरीत कागदात नक्षी कापून केलेल्या पताकांना ‘पापेल पिकादो’ म्हणतात. पुएब्ला राज्यातलं सान साल्वादोर विश्कोलोत्ला हे गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथले कारागीर कागदांची चवड रचून छिन्नी-हातोडीनं एकदम नक्षी पाडतात. आपण पतंगाचा कागद घ्यायचा. जांभळा, राणी आणि केशरी. वहीच्या दुहेरी पानाएवढे तुकडे करा, उभे पंख्यासारखे दुमडा, दुमडीवर कात्रीनं त्रिकोण आणि अर्धगोल कापा. खालच्या कडेला झालर. वरची दोन बोटं जागा मोकळी सोडून ती दोऱ्यावर दुमडायची आणि खळीनं चिकटवायची. जाड कार्डशीट वापरू नका. कुणी शेजारून गेलं तरी हलेल इतका कागद हलका हवा, कारण मांडणीत वारा असतो तो याच्याच रूपानं.

धूप म्हणून तिथे ‘कोपाल’ नावाचा झाडाचा डिंक निखाऱ्यावर टाकतात. आपला गुग्गुळ त्याच कुळातल्या झाडाचा डिंक. धुपाटण्यात एक कोळसा पेटवून चिमूटभर गुग्गुळ किंवा ऊद टाका. घरात कुणाला दमा असेल तर धूर करूच नका, गुग्गुळ नुसता वाटीत ठेवा.

पान दे मुएर्तो, म्हणजे मृतांचा पाव

हा पाव मी घरीच करते आणि तुम्हीही करावा असं मला फार वाटतं. अर्धा किलो मैदा, १०० ग्रॅम साखर, १०० ग्रॅम लोणी, तीन अंडी, १५० मिली कोमट दूध, दीड चमचा सुकं यीस्ट, अर्धा चमचा मीठ, दोन संत्र्यांची किसलेली साल, एक चमचा भरडलेली बडीशेप. तिथे संत्र्याच्या फुलांचं पाणी घालतात, आपल्याला सालीवर भागवता येतं. नागपुरी संत्री तेव्हा यायला लागलेली असतात. साल फक्त वरची किसा, पांढरं कडू लागतं.

दुधात चमचाभर साखर आणि यीस्ट घालून फेस येऊ द्या. मैदा, साखर, मीठ, बडीशेप, साल एकत्र करून त्यात दूध आणि अंडी घाला, गोळा करा, मग मऊ लोणी थोडं थोडं घालत मळा. लोणी घातलं की पीठ बिघडल्यासारखं चिकट होतं, घाबरून वरून मैदा ओतू नका. दहा-पंधरा मिनिटं पुरणाच्या कणकेसारखं ओढून आपटून मळलं की ते हात सोडतं. झाकून ठेवा. आपल्या हवेत सव्वा तासात दुप्पट होतं.

लिंबाएवढे दोन गोळे आणि त्यांच्या दुप्पट पीठ बाजूला काढा. उरलेल्याचे दोन मोठे गोल करा. बाजूच्या पिठाच्या चार वळ्या करायच्या, तीन बोटं पसरून दाबत दाबत, म्हणजे बोटांमधल्या जागी गाठी उठतात. ती हाडं. एकेका पावावर दोन वळ्या फुलीसारख्या आडव्या-उभ्या बसवा आणि मधोमध लिंबाएवढा गोळा, ती कवटी. पाऊण तास पुन्हा फुगू द्या. १८० अंशांवर पंचवीस-तीस मिनिटं भाजा. गरम असतानाच लोणी लावून साखर भुरभुरा. पुएब्लात वरून तीळ लावतात, मीही तीळच लावते, फक्त ते भाजायच्या आधी लावायचे. ओव्हन नसेल तर बेकरीतला गोल गोड बन आणा, त्यावर लोणी-साखर लावा. त्यानं काही कमी होत नाही.

बाकीचं पान

साखरेच्या कवट्या मी करत नाही. तिथे त्या मुलांच्या हाती खाऊ म्हणून देतात, कपाळावर नाव लिहून, पण आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना ते बघवत नाही आणि त्यांना दुखवून काही मांडायचं नाही. त्याऐवजी राजगिऱ्याच्या वड्या ठेवते. राजगिराही तिकडचाच, आणि फुललेल्या राजगिऱ्याची मधातली किंवा गुळातली वडी तिथेही रस्त्यावर मिळते. त्याच्याच कवट्या करून मनुकांचे डोळे आणि शेंगदाण्याचे दात लावतात. नातवंडांनी हट्ट केला तर एवढं करून देते.

लाल भोपळा तिथे कच्च्या गुळात दालचिनी घालून शिजवतात. आपले घारगे ठेवा, तो भोपळाही मूळचा त्यांच्याच बाजूचा. पेरू, सीताफळ, चिकू हीसुद्धा अमेरिका खंडातलीच फळं. ती ठेवताना मला फार आनंद होतो, पाहुण्यांना माहेरचं काही दिल्यासारखं वाटतं.

पण हे सगळं भोवतालचं. मधल्या पायरीवर प्रत्येकाच्या फोटोपुढे त्याचंच खाणं हवं आणि तेही तो खायचा तसं. माझ्या वडिलांना सोड्याची खिचडी लागायची. आमचं सीकेपी घर. वागळे इस्टेटमधून पाळी संपवून आले की ताटात वरचा मऊ भात घेत नसत, पातेल्याच्या बुडाची खरपूस मागायचे, त्यावर ओलं खोबरं आणि लिंबू. श्राद्धात सोडे चालत नाहीत. ओफ्रेंदात तिथले लोक मोले नावाचा मांसाचा मसालेदार रस्सा ठेवतात, मेस्काल ही तिथली दारू ठेवतात, सिगारेटसुद्धा ठेवतात. म्हणून मी २ तारखेला संध्याकाळी खिचडी टाकते, मुद्दाम जरा लागू देते, आणि उलथन्यानं ती खरपूस अखंड निघेल अशी काढून त्यांच्या ताटलीत ठेवते. सोडे करायचे तर ते भिजवून नीट धुवा, पाण्यात दोन-तीनदा, नाहीतर खिचडी कचकचते. शाकाहारी घर असेल, किंवा दारू-तंबाखूला घरच्यांचा नकार असेल, तर तो पाळावा. रिकामा पानाचा डबा ठेवला तरी माणूस ओळखू येतो.

१ तारीख

लहान मुलांची मांडणी ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी करायची. पांढरी फुलं, छोट्या मेणबत्त्या, दूध, तिखट नसलेला खाऊ, खेळणं. सगळं लहान आकाराचं, मुलाच्या हातात मावेल असं.

पुएब्लात घरमालकीणबाईंनी खालच्या पायरीवर एक पितळी पेला दुधानं भरून ठेवला तेव्हा मी विचारलं, हा कुणाचा. लेकीनं त्यांचं बोलणं मला सांगितलं: त्यांचा मुलगा, तान्हा असतानाच गेलेला. त्या साठ वर्षं तो पेला भरत होत्या.

माझं पहिलं बाळ बारशाआधीच गेलं. तान्ह्या बाळाचं श्राद्ध नसतं. नाव नव्हतं, फोटो नाही, आणि त्या विषयावर घरात पुन्हा कुणी बोललं नाही. त्या काळी असंच करायचे, मला सावरावं म्हणूनच करायचे. तिथे काही गावांत बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळांसाठी ३० ऑक्टोबर हा वेगळा दिवसच राखलेला आहे. ठाण्याला परत आल्यावर मी आईनं शिवलेली कुंची कपाटातून काढली. ती आता ३० तारखेला पायरीवर येते, सोबत शेवंतीची पांढरी फुलं आणि एक वाटी दूध. मोठ्या मुलाला आपल्याला एक बहीण होती हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. तो माझ्याजवळ बसून राहिला. ज्या बायकांच्या पोटात असं काही आहे त्यांना माझं सांगणं आहे की दुसरं काही जमलं नाही तरी ही एक वाटी ठेवा. कुणाला कारण सांगायची गरज नाही.

रात्र, आणि दुसरा दिवस

२ तारखेला संध्याकाळी दिवे लावून बसायचं आणि बोलायचं. पात्स्क्वारो सरोवरातल्या हानित्सिओ बेटावर लोक रात्रभर कबरींपाशी बसतात. आपण जेवणापर्यंत बसलो तरी पुष्कळ. मोठ्यानं नाव घेऊन एकेकाची गोष्ट सांगा, आणि गमतीच्या गोष्टी जरूर सांगा. तिथे जिवंत माणसांवर यमकं जुळवून थट्टेच्या कविता करतात, मरण दारात येऊन त्यांची कशी फजिती करतं अशा. आपल्याला उखाण्यांची सवय आहे, बायका बसल्या की सहज जुळतात. चेहरे रंगवून हाडांचा सापळा होणं मला घरात आवश्यक वाटत नाही. ती मोठ्या टोपीतली सापळ्याची बाई, कात्रीना, ही होसे ग्वादालूपे पोसादा या चित्रकाराच्या कोरीव ठशातून आली. तो १९१३ मध्ये वारला, आणि दिएगो रिवेरा या दुसऱ्या चित्रकारानं १९४७ मध्ये भित्तिचित्रात तिला पूर्ण वेशात उभं केलं. ती रस्त्यावरच्या सणाची. घरातल्या ओफ्रेंदाला ती नसली तरी चालते.

त्याच रात्री यादीच्या कागदावर शेवटी आपलं स्वतःचं नाव लिहा आणि पुढे आपली आवड. मुलांना ती माहीत आहे असं समजू नका. माझ्या नावापुढे लिहिलेलं आहे: सकाळचा पहिला चहा, गवती चहाची पात घालून, कपात नको, पेल्यात. बरोबर शिळी पोळी. आणि आदल्या दिवशीचा पेपर, शब्दकोडं न सोडवलेला.

३ तारखेला सकाळी आवरायचं. तिथले लोक म्हणतात, आलेल्यांनी अन्नाचा गंध आणि सत्त्व घेतलेलं असतं, उरलं ते आपण खायचं आणि वाटायचं. रात्रभर बाहेर राहिलेली खिचडी आणि मिसळ मात्र आपल्या हवेत खाऊ नका. म्हणून मी संध्याकाळी बसून झालं की ओलं अन्न लगेच वाढते आणि रात्रभर फक्त पाव, फळं, वड्या ठेवते. पाव सकाळी कापून चहाबरोबर समोरच्या ईस्ट इंडियन बाईंना, खालच्या वॉचमनना आणि कामाच्या ताईंना द्यायचा. काय आहे ते सांगून द्या, काहींना नको वाटतं, त्यांना फळं द्यावीत. पेल्यातलं पाणी झाडांना. मीठ बेसिनमध्ये, ते झाडांना नको.

पाकळ्या आधी केरसुणीनं गोळा करा, ओल्या फडक्यानं पुसायला गेलात तर टाइल्सवर पिवळे डाग बसतात. निर्माल्य तलावात टाकू नका, निर्माल्य कलशात किंवा सोसायटीच्या खताच्या खड्ड्यात द्या. पताका जुन्या कॅलेंडरच्या पानांमध्ये घालून ठेवल्या तर पुढच्या वर्षी चालतात, मात्र डब्यात दोन डांबराच्या गोळ्या टाका. चार-पाच फुलं देठासकट उलटी टांगून वाळवा. काळ्या-पांढऱ्या काडीसारखं बी निघतं, ते ऑगस्टच्या सुरुवातीला कुंडीत टाकलं की ऑक्टोबरअखेर फुलं येतात. संकरित फुलाचं बी घेतलंत तर रोप वेगळंच निघू शकतं, म्हणून गावठी झेंडूचं घ्या.